कमानीचा पैसा आणि खाड्याचा पैसा

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या लोकवर्गणीचं हे प्रकरण. गाव आणि माणसं प्रातिनिधिक आहेत. विट्याच्या आसपासच्या कुठल्याही गलाईवाल्या गावाला ती आपलीच वाटतील. गावातल्या रकमाही हिशेब कळावा म्हणून मांडल्या आहेत. कायदे, अनुदानं आणि सरकारी नियम मात्र आहेत तसेच दिले आहेत.

गाव घाटमाथ्यावरचं, पूर्वापार दुष्काळी. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधी इथली कर्ती माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेला आणखी माणसं लागली. जुनं सोनं-चांदी वितळवायची, शुद्ध करायची, टंच काढायचा, हा तो धंदा. केरळ-तमिळनाडूपासून पंजाब, उत्तर प्रदेश, बंगालपर्यंतच्या सराफ पेठांत खानापूर-आटपाडीकडचा माणूस भेटतो. दुकान तिकडं, पोरांच्या शाळा तिकडं, पण चैत्रातल्या यात्रेला सगळे गावात. यात्रेची कमिटी, कुस्त्यांची बक्षिसं, देवळाचा कळस, सगळं या बाहेरगावच्या पैशावर चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शाळा पहिली ते चौथी, पट ४७, मंजूर शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. चार वर्ग आहेत म्हणून चार मिळत नाहीत. ऑनलाइन बदल्यांत यातली एक जागा रिकामी झाली. उरले एक गुरुजी. मुख्याध्यापक तेच, पोषण आहाराची नोंद ठेवणारे तेच आणि बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन हिंडणारेही तेच.

अशा शाळेला पैसा मिळत नव्हता का? भरपूर मिळत होता. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्या लाटेत ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव पोचला. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला तेव्हा लांबलांबून शिक्षक येत. तिथं बघण्यासारखं होतं ते मुलांचं फरशीवर बसून हाताशी असलेल्या साहित्यातून शिकणं. आमच्या भागातल्या बऱ्याच गावांनी मात्र परत येऊन आधी भिंती रंगवल्या. या गावातही पाच-सात वर्षांत शाळेला कमान झाली, अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसले, वर्गात मोठा टीव्ही आला, हात धुवायला नळांची रांग झाली. प्रत्येकावर ‘यांच्या स्मरणार्थ’ आणि ‘यांच्या सौजन्याने’. कमानीवर तर देणगीदारांची नावं शाळेच्या नावापेक्षा ठळक.

आणि पट उतरत होता. सकाळी पिवळी बस विट्याच्या इंग्रजी शाळेकडे जायची, ती या कमानीसमोरूनच.

शाळेला सरकारकडून मिळणारा हाताखर्च म्हणजे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. एवढ्या पटाला ते वर्षाला २५,००० रुपये. खडू, रजिस्टरं, किरकोळ डागडुजी, स्वच्छता आणि वीजबिल, सगळं त्यातच. अनुदान उशिरा आलं त्या वर्षी बिल थकलं, वायरमन येऊन कनेक्शन तोडून गेला आणि देणगीतला टीव्ही सबंध पावसाळा प्लास्टिकच्या कव्हरात बसून राहिला. बिलाची थकबाकी टीव्हीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती. पण ‘वीजबिल – सौजन्य अमुक’ अशी पाटी कोण लावणार?

ऑगस्टची सभा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. बहुतेक ठिकाणी या महिला सही करून जातात. इथंही तेच चाललं होतं. स्वातंत्र्यदिनाच्या आधीच्या सभेत विषय होता देणगीदारांचा सत्कार: शाल किती, नारळ किती, फेटा कुणाला. तेव्हा द्राक्षबागेत मजुरीला जाणारी एक आई उठून म्हणाली, “सत्कार करा, माझं काय म्हणणं न्हाय. पण माझं पोरगं तिसरीत हाय आन् त्याला अजून जोडाक्षर वाचता येईना. टीव्ही लावणार कोण? गुरुजी मतदारयाद्या घिऊन हिंडत्यात.”

गुरुजी गप्प बसले. ती बाई चुकीचं बोलत नव्हती हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. प्रोसिडिंगमध्ये ओळ पडली: ‘सदस्यांनी अध्यापनाबाबत सूचना मांडली.’ पण सभेनंतर समितीतल्या चार बायका थांबल्या आणि खऱ्या कामाला तिथून सुरुवात झाली.

त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. शाळेला काय पाहिजे असं विचारत त्या घरोघर हिंडल्या नाहीत. ते विचारलं की गावात ठरलेली उत्तरं येतात: खोली, कंपाउंड, कॉम्प्युटर. त्यांनी मागच्या वर्षीचा हजेरीपट काढला, ज्या मुलांचे दिवस सर्वांत जास्त बुडाले होते त्यांची यादी केली आणि त्या घरांत जाऊन एवढंच विचारलं: पोरगं कुठल्या दिवशी आलं नाही, आणि का? दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे जी यादी झाली तीत एकही वस्तू अशी नव्हती जिच्यावर पाटी लावता येईल.

एक उदाहरण जवळून बघू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. दुसरीतल्या एका मुलीच्या छातीत त्यांना काहीतरी वेगळं ऐकू आलं आणि त्यांनी मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवायची चिठ्ठी दिली. चिठ्ठी चार महिने रेशनकार्डाच्या पिशवीत पडून होती. तपासणी मोफत, पुढं शस्त्रक्रिया लागली तर तीही योजनेतून होते, हे आईला पथकाने नीट सांगितलं होतं. अडलं होतं ते खाड्यावर, म्हणजे बुडणाऱ्या मजुरीवर. मिरजेला जायचं म्हणजे आईचा खाडा, आणि एकटीला तिथल्या खिडक्या कळणार नाहीत म्हणून दिराचाही खाडा. पहिल्या फेरीत काम होतंच असं नाही. पुढच्या मंगळवारी या म्हणतात. दिवसाची मजुरी ३०० धरली तरी दोघांच्या दोन फेऱ्यांचे १,२०० रुपये बुडाले, वर जेवणखाण आणि भाडं, म्हणजे दीड हजाराच्या घरात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे प्रवासापेक्षा खाडाच महाग पडतो. लाखभराचा उपचार सरकार देतं, आणि त्या दारापर्यंत जायचे दीड हजार द्यायला कुणी नसतं.

यादीत असंच बाकीचं होतं. चष्म्याचा नंबर सांगितलाय, चष्मा नाही. आई बागेत छाटणीला गेली की धाकट्या भावाला सांभाळायला चौथीतली बहीण घरी. आणि कोपीवरची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवरची पोरं.

कोपीवरच्या पोरांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सरकारी मोजणी त्यांना कशी चुकवते हे बघण्यासारखं आहे. टेंभूच्या पाण्याने घाटमाथ्यावर ऊस आला आणि उसामागे ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं, साधारणपणे ३० सप्टेंबरच्या पटावर होते, तीही आधार जुळलेल्या मुलांवर. टोळ्या येतात दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे मोजणी होऊन गेल्यावर पोरं दारात. शिक्षण हमी कार्ड दाखवलं की कुठल्याही शाळेने त्यांना बसवून घ्यायचं हा नियम आहे आणि चांगला आहे. पण ती बसली तरी त्यांच्यासाठी शिक्षक वाढत नाही. त्या वर्षी फडाजवळच्या कोप्यांवर शाळेच्या वयाची अकरा मुलं निघाली. गुरुजी एकटे, वर्ग चार, आणि त्यात ही अकरा, प्रत्येकाचा अभ्यास वेगळ्या ठिकाणी तुटलेला.

पाटी कुठं लावायची?

चैत्रात यात्रा भरली, बाहेरगावची मंडळी आली आणि देवळाच्या मंडपात गुरुजींनी यादी वाचली. पहिलीचा वर्ग सांभाळायला एक स्वयंसेविका, वीजबिल, कोपीवरच्या मुलांना वह्या-दप्तरं आणि घरच्यांच्या अडीअडचणीसाठी थोडा निधी. मंडपात सामसूम. कोइमतूरला दुकान असलेले एक अण्णा, ज्यांनी कमानीला सर्वांत जास्त दिलं होतं, म्हणाले, “गुरुजी, खोली बांधायची म्हणा, उद्या चेक देतो. हे खाड्याचं आन् बिलाचं म्हंजे… ह्याची पाटी कुठं लावायची ओ?”

लोक हसले. अण्णाही हसले. या प्रश्नाला हावरटपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण ते खरं नाही. जो माणूस चाळीस वर्षं परमुलखात भट्टीपुढं बसलाय, ज्याची नातवंडं गावाला सुट्टीपुरती येतात, त्याच्यासाठी भिंतीवरचं नाव म्हणजे आपण अजून या गावचे आहोत याचा दाखला असतो. दोष मागणाऱ्यांचाच जास्त. त्यांनी इतकी वर्षं फक्त पाटीजोगंच मागितलं.

वाट काढली यात्रा कमिटीच्या खजिनदाराने. “यात्रेची पट्टी काढताना पाटी लागती का? घरटी सारखी पट्टी. कुणी चढ न्हाय, कुणी उतार न्हाय. तशीच शाळंची काढा.”

या एका वाक्याने मागण्याची रीतच बदलली. देणगी ही देणाऱ्याची मर्जी. पट्टी हा गावकीचा वाटा. देणगी दिली की मोठेपणा मिळतो, पट्टी नाही दिली तर चुकल्यासारखं वाटतं. या भागाला हे नवीन नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी निघाली आणि पुढं साताऱ्यात रुजली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना आयाबायांनी मूठमूठ धान्य घातलं, त्याला मुष्टिफंड म्हणत. याच खानापूर तालुक्यात येरळेवरचं बळीराजा धरण ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा करत बांधायला घेतलं. एकरकमी दात्याशिवाय काम उभं करायची सवय या मातीला आहे. शाळेच्या बाबतीत ती मोडली होती, इतकंच.

ठरलं ते असं. महिना ३०० रुपये, बाराही महिने, सगळ्यांना सारखे. कुणी जास्त देऊ म्हटलं तरी या खात्यात घ्यायचे नाहीत. त्याने बांधकामाला द्यावेत. (यावर बरीच हुज्जत झाली. पण मोठी रक्कम आली की बाकीचे ‘अण्णा देतील की’ म्हणून हात आखडतात, हे खजिनदाराला यात्रेच्या अनुभवावरून पक्कं माहीत होतं.) शाळेत मूल असलेल्या पालकांकडून पट्टी घ्यायची नाही. प्रवेशासाठी पैसे घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे, आणि ‘स्वखुशीची’ वर्गणी सक्तीची कधी होते ते गावात कळतही नाही.

चाळीस जण तयार झाले. महिन्याचे १२,०००, वर्षाचे १,४४,०००. त्यातून स्वयंसेविकेला दहा महिने सात हजारांप्रमाणे ७०,०००. वीज आणि इंटरनेटला १२,०००. वह्या, दप्तरं, साहित्य १२,०००. अडचण निधी ३०,०००. आणि पुढच्या जूनसाठी २०,००० शिल्लक. कागदावर हिशेब जुळला.

पैसा कुणाच्या फोनवर?

जून-जुलैची पट्टी गुरुजींच्या स्वतःच्या नंबरवर आली, कारण सगळ्यांकडे तोच नंबर होता. गुरुजी प्रामाणिक. तरी ऑगस्टपर्यंत पारावर कुजबुज सुरू झाली, आणि ती करणारे पट्टी देणारे नव्हते. शिक्षकाच्या खात्यावर लोकवर्गणी हा प्रकार कितीही सोयीचा वाटला तरी करू नये. उद्या बदली झाली तर पैसा कुणाचा, चौकशी लागली तर उत्तर काय?

समितीच्या सरकारी अनुदानाच्या खात्यातही हा पैसा टाकून चालणार नव्हतं. २०२१-२२ पासून समग्र शिक्षाचा पैसा वरच्या एका खात्यातून मर्यादेप्रमाणे येतो आणि न वापरलेला परत जातो. त्यात लोकांचा पैसा मिसळला की तो वेगळा काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून समितीच्या ठरावाने लोकवर्गणीचं वेगळं बचत खातं उघडलं, सही अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांची, क्यूआर कोड खात्याचा. दर महिन्याच्या पाच तारखेला पासबुकाच्या पानाचा फोटो गलाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुजबुज त्या फोटोनेच थांबली.

एका दुकानदाराला प्राप्तिकराच्या ८०जी ची पावती हवी होती. समितीची तशी नोंदणी नाही, त्यामुळे देता आली नाही. त्याने पट्टी चालू ठेवली आणि पावतीसाठीची देणगी दुसरीकडे दिली. ठीकच आहे.

फोटो

खरी ठेच लागली ती मदत वाटताना. नोव्हेंबरात कोपीवरच्या अकरा मुलांना दप्तरं द्यायचा कार्यक्रम ठेवला. सरपंच, समिती, सुट्टीवर आलेले दोन गलाईवाले, मुलं ओळीत, हातात दप्तर, क्लिक. फोटो ग्रुपवर गेला, तिथून स्टेटसवर, स्टेटसवरून मुकादमाच्या फोनवर. दुसऱ्या दिवशी तीन मुलं आली नाहीत. स्वयंसेविका कोपीवर गेली तेव्हा एक बाप शांतपणे म्हणाला, “ताई, आम्ही कामाला आलोय, मागायला न्हाय आलो.”

त्या माणसाच्या घरावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या कुठल्या उचलीचा बोजा असेल आणि तो फोटो त्याच्या गावी कुणाकुणाला दिसला असेल, याचा विचार कार्यक्रमातल्या एकानेही केला नव्हता. पाटीची सवय अशी मुरते: भिंत नसली तर पोराच्या छातीवर लागते.

यानंतरचा नियम समितीतल्या बायकांनी केला आणि पुरुषांना तो मान्य करावा लागला. अडचण निधीचा निर्णय स्वयंसेविका आणि दोन माता-सदस्यांनी घ्यायचा. दोन हजारांच्या आत असेल तर सभेची वाट बघायची नाही. पैसे घरी, हातात. वहीत नाव, ग्रुपवर फक्त ओळ. मिरजेच्या मुलीची ओळ अशी होती: ‘एक मूल, दवाखाना, दोन फेऱ्या, दोघांचा खाडा, १,५४० रु.’ अण्णांनी त्याखाली अंगठा टाकला आणि मग विचारलं, “पोरगी बरी हाय का?” नाव विचारलं नाही. मुलीला औषधं चालू झाली आणि सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय.

वशिलाही झाला. समितीतल्या एकाच्या मेव्हण्याची रिक्षा वस्तीवरच्या मुलांना आणायला लावावी असा आग्रह झाला, भाडं बाजारापेक्षा जास्त. बायकांनी तो विषय तीन सभा पुढं ढकलून मारला. गावात नकार असाच द्यावा लागतो.

दुसरं वर्ष

पहिल्या वर्षाचा गुणाकार-भागाकार इथं देत नाही. पट ४७ चा ५१ झाला, पण त्यात दोन मुलं घर बदलून आलेली. त्याचं श्रेय पट्टीला देणं बरोबर नाही. तिसरीतला तो मुलगा जोडाक्षरं वाचतो. कोपीवरची अकरापैकी आठ मुलं मार्चपर्यंत टिकली.

दुसऱ्या वर्षी पट्टी देणारे चाळीसाचे एकोणतीस झाले. भांडण कुणाशीच नव्हतं. ग्रुपवर आठवण करणारी खजिनदाराची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, एवढंच कारण. ती परतल्यावर चौघे पुन्हा सुरू झाले. पण त्या मधल्या महिन्यांनी आराखड्यातली खोट उघडी पाडली. २९ जणांचे ८,७०० रुपये. स्वयंसेविका आणि वीज मिळून ८,००० ठरलेले. अडचण निधीला उरले ७००. पैसा आटला की पहिला फटका घरच्यांच्या मदतीला बसतो, कारण तिथं कुणी महिनाअखेरीला मागायला येत नाही. आता क्रम उलटा केलाय: महिन्याच्या सुरुवातीला अडचण निधीचे २,५०० आधी बाजूला, मग बाकीचं.

सगळ्यात अवघड हरकत निवृत्त शिक्षक असलेल्या तात्यांची होती आणि ती अजून मिटलेली नाही. “शिक्षक देणं सरकारचं काम. तुम्ही सात हजारात पोरगी बसवली की वरच्याला वाटणार, चाललंय की. जागा रिकामीच राहणार.” तात्यांचं निम्मं खरं आहे. सात हजारात एका पदवीधर मुलीला राबवणं हेही फारसं अभिमानाचं नाही. पण रिकाम्या जागेकडे बोट दाखवत बसलं तर पहिलीतलं मूल चौथीत जातं, हेही तितकंच खरं. तडजोड म्हणून समितीने ठरवलं की स्वयंसेविकेच्या मुदतवाढीच्या प्रत्येक ठरावासोबत रिकाम्या जागेचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायलाच हवा, पोच घेऊन, आणि पोचेचा फोटोही पासबुकासोबत ग्रुपवर. अर्ज तात्यांनीच लिहायचे. त्यांनी लिहिले, एकाहून एक खणखणीत.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधी बदलीने एक शिक्षिका आल्या. अर्जांमुळे आल्या की बदल्यांच्या फेरीत आपोआप आल्या हे कुणी सांगू शकत नाही. तात्या मात्र सांगतात. लगेच ग्रुपवर प्रश्न: आता पट्टी बंद करायची का? अण्णांचं म्हणणं, उरलेल्या पैशातून कमानीला लाईट करू. समितीतल्या बायकांचं म्हणणं, स्वयंसेविकेला नोव्हेंबर ते मार्च कोपीवरच्या मुलांसाठीच ठेवू आणि बाकीचा पैसा अडचण निधीत वळवू. सध्या बायकांच्या बाजूने ठराव झालाय, तिघांच्या विरोधी नोंदीसह. पट्टी ३०० च ठेवायची की २०० करायची हा विषय यात्रेच्या बैठकीत येणार आहे, आणि अण्णांनी कमानीच्या लाईटचं कोटेशन आधीच मागवून ठेवलंय.